तंजावूरच्या शिळ्या भाताची खरी नोंद

या प्रवासाबद्दल काही लिहायचं तर आधी कुसुम शिंगाडे बाईंचं नाव घेतलं पाहिजे. परांड्याच्या शाळेत त्या आम्हाला विज्ञान शिकवायच्या. आठवीत असताना त्यांनी दह्याचा एक थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि आम्हा सगळ्यांना रांगेने डोळा लावायला सांगितला. मी दोनदा रांगेत उभा राहिलो. बाईंनी ते पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी मला स्वतःहून बोलावलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील पिठाच्या गिरणीत दळण दळायचे. मला कॉलेजात सोडायला आले तेव्हा ते फाटकाशीच थबकले. सोबत आलेल्या बाई म्हणाल्या, "मुलगा आत निघालाय, तुम्ही बाहेर उभे राहून काय करणार?" मग तिघं आत गेलो. वळकटीचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं बाईंच्या.

आज मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करतो, आतड्यातल्या जंतूंवर. बाईंना दोन वर्षांपूर्वी कर्करोग झाला. तो आता मणक्यात उतरला आहे. डॉक्टरांनी मॉर्फीनच्या गोळ्या लिहून दिल्या, पण बाईंनी पाकीट फोडलं नाही. दर दोन ऑक्टोबरला आम्हा पोरांकडून व्यसन न करण्याची शपथ त्यांनीच घेतली होती. आमच्या गल्लीतल्या चार बाप्यांची दारू त्यांनी सोडवली होती. "आता म्हातारपणी मीच अफू खाऊ का?" असं त्या भाचीला म्हणाल्या. मी तंजावूरला निघतोय असं फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "बघ, तुझ्या जंतूंनी माझं हे दुखणं शमतंय का. तोवर मी थांबते."

हे 'तोवर' मनात घेऊन मी गाडीत बसलो.

तंजावूर, पहिला दिवस

पोंगल होऊन आठवडा झाला होता. दारोदार काढलेल्या रांगोळ्यांचे रंग फिकट झाले होते, तरी सकाळी नव्याने काढलेल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगोळीवरून चप्पल घालून जायची मला हिंमत होईना. मी कडेकडेने उड्या मारत चाललेला पाहून समोरच्या चहावाल्याने हसत मान डोलावली. इथे सकाळी सात वाजताही लोक नीट भांग पाडून, कपाळाला भस्म लावून बाहेर पडतात. आमच्याकडे त्या वेळी अर्धं गाव टॉवेलवर असतं. मोठ्या देवळाचं शिखर बसच्या खिडकीतून, दवाखान्याच्या गच्चीवरून, कुठूनही दिसतं. पहिल्या दिवशी मी दर वेळी हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून नुसतं बघितलं.

ज्या पथकाबरोबर मला काम करायचं होतं ते घरोघरी जाऊन दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या माणसांची देखभाल करतं. पथकातली नर्स सेल्वी मला घ्यायला स्कूटरवर आली. तिला मराठी येत नाही, मला तमिळ येत नाही आणि दोघांचंही इंग्रजी सरकारी शाळेतलं. त्यामुळे आमचं छान जमलं. अवघड शब्द दोघांनाही येत नव्हते, म्हणून ते कुणी वापरले नाहीत.

आमचं काम साधं होतं. मॉर्फीन घेणाऱ्या रुग्णांच्या शौचाचा नमुना छोट्या नळीत घ्यायचा, बर्फाच्या पेटीत ठेवायचा, आठ दिवस त्यांनी काय खाल्लं ते वहीत लिहून घ्यायचं आणि सकाळ-संध्याकाळ दुखण्याला शून्य ते दहा यांतला एक आकडा द्यायला सांगायचं. अफूपासून केलेलं हे औषध मेंदूत जाऊन वेदना कमी करतं, हे जुनं ज्ञान. अलीकडे उंदरांवर जे काम झालंय त्यातून दिसतं की यात पोटातल्या जंतूंचाही हात आहे. प्रतिजैविक औषधं देऊन उंदराच्या आतड्यातले जंतू मारले, तर त्याचा मेंदू त्याच मॉर्फीनला वेगळा प्रतिसाद देतो. औषधाची ओढ बदलते, औषध अंगवळणी पडण्याचा वेग बदलतो. जंतू आपल्या अन्नातला न पचलेला भाग खातात आणि त्यातून काही आम्लं तयार करतात. ती आम्लं उंदराला पाण्यातून पाजली, तर बदललेलं पुष्कळसं पूर्ववत होतं. उलट बाजूने मॉर्फीनही आतडं मंद करतं आणि जंतूंची वस्ती बदलून टाकतं. माणसात यातलं किती खरं, हे अजून कुणाला नीट ठाऊक नाही. एकाला तीच गोळी महिनोन्‌महिने पुरते आणि दुसऱ्याला लवकर वाढवावी लागते, ते का, एवढाच आमचा प्रश्न.

बर्फाची ती निळी पेटी मांडीवर घेऊन मी गावातल्या बसने फिरायचो. कंडक्टरने एकदा खुणेने विचारलं, आइस्क्रीम का? मी मान हलवली, पण 'नाही' म्हणताना ती बहुधा 'हो'सारखी हलली, कारण शेजारच्या बाईंनी भाव विचारला.

राजवाड्यामागची गल्ली

राजवाड्याच्या मागे जुन्या मराठी घरांच्या गल्ल्या आहेत. तिथे तुक्कोजी राव राहतात. (नाव बदललं आहे. मजकूर छापायला त्यांची परवानगी आहे.) ते सरकारी बसचे निवृत्त कंडक्टर. हाडांत उतरलेला कर्करोग, बाईंसारखाच. त्यांच्या पत्नी अंबुबाई. तीनशे वर्षांपूर्वी यांचे पूर्वज आपल्याकडून तिकडे गेले, आणि मी दारात उभा राहून "नमस्कार" म्हटल्यावर अंबुबाईंनी असा चेहरा केला, जणू मी त्यातलाच एक असून उशिरा पोचलो आहे.

"या, दत्ता राव, या. आमचे देशाहून आलां," त्या म्हणाल्या. परांड्यात मला आजवर कुणी राव म्हटलेलं नाही. त्यांची मराठी आपल्या कानाला जुन्या कागदपत्रांसारखी लागते, 'करितों', 'जातों', 'कोठें', आणि चाल मात्र तमिळची, वाक्याच्या शेवटी वर जाणारी. मध्येच तमिळ शब्द येतात आणि त्यांना ते परके वाटत नाहीत.

मी पुण्याहून देवनागरीत छापलेल्या नोंदवह्या मोठ्या हौसेने आणल्या होत्या. मराठी कुटुंबं, मराठी वह्या. अंबुबाईंनी वही दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि देवघरात नेऊन ठेवली. देवनागरी त्यांना वाचता येत नाही. ती अक्षरं त्यांच्या घरात फक्त पोथीत असतात. तीन दिवसांनी पाहिलं तर वहीवर कुंकू होतं. नोंद त्यांनी एका शाळेच्या वहीत तमिळमध्ये केली होती. ती सेल्वीने मला वाचून दाखवली: सकाळी इडली. सकाळी उपमा. सकाळी डोसा, नारळाची चटणी. दुखणं दोन. दुखणं दोन. दुखणं दोन.

त्या घरी मी जे जेवलो ते सांगितलंच पाहिजे. डांगर पच्चडी वाढली तेव्हा मी घास घेऊन थांबलो. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून वर मोहरी-मिरचीची फोडणी, म्हणजे माझ्या आईचं डांगरच. फक्त फोडणीत कढीपत्ता जास्त आणि वर हिंगाचा हात सैल. मी तसं सांगितल्यावर अंबुबाईंनी न विचारता आणखी दोन पळ्या वाढल्या. तुक्कोजी राव ताठ बसून माझं जेवण बघत होते. त्यांच्या ताटात फारसं काही नव्हतं. दुखतंय का, असं विचारलं तर हसून दोन बोटं वर केली. जणू दोन तिकिटं.

बर्फ वितळण्याआधी

पाचव्या दिवशी पहाटे दवाखान्यातली वीज गेली आणि नमुने ठेवायच्या फ्रीजचा भरवसा राहिला नाही. सेल्वीने फोन करून सांगितलं की बर्फ आहे तोवर नमुने गोळा करून स्टेशनजवळच्या दुसऱ्या जागी पोचवावे लागतील; ती अर्ध्या घरांना जाईल, अर्ध्यांना मी जावं. म्हणून नऊऐवजी सहा-चाळीसला मी एकटाच तुक्कोजी रावांच्या दारात पोचलो. दार उघडं होतं. हाक मारत मागच्या पडवीपर्यंत गेलो.

तुक्कोजी राव भिंतीला एक हात लावून, पाठ कमानीसारखी वाकवून बसले होते. तोंडातून बारीक आवाज येत होता, ओठ मिटून केलेला. पुढ्यात मातीचं मडकं होतं, त्यात रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, कांदे आणि तळलेली सांडगी मिरची. अंबुबाई त्यांना चमच्याने भरवत होत्या. मला पाहताच त्यांनी पदर मडक्यावर टाकला. तुक्कोजी रावांनी पाठ सरळ करायचा प्रयत्न केला आणि ती झाली नाही.

मी चुकीच्या वेळी आलो होतो आणि परत फिरायला उशीर झाला होता.

"हे रोजचें नाही," अंबुबाई म्हणाल्या. मग मडक्याकडे बघून त्याच पुन्हा म्हणाल्या, "रोजचेंच आहे. शिळें म्हणून कसें लिहायचें? तुम्ही आमचे देशाहून आलां. तिकडे जाऊन सांगाल, तंजावुरास आपले लोक आजाऱ्यास शिळें घालतात."

मी तुक्कोजी रावांना विचारलं, "काका, आता किती?"

त्यांनी अंबुबाईंकडे पाहिलं. मग दोन्ही हातांची बोटं उघडली आणि त्यातली दोन मिटली. आठ.

मी काय करायला हवं होतं ते मला प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. मी पेटी खाली ठेवली, हात धुतले, पडवीत मांडी घालून बसलो आणि म्हणालो, "काकू, मलाही वाढा." त्या कॉफी करायला उठल्या. मी म्हणालो, कॉफी नको, हेच. त्यांनी स्टीलचं ताट आणलं. मी म्हणालो, वाटी पुरे.

मग खाताखाता त्यांना मी एक गोष्ट सांगितली. आठवीत पचनसंस्थेचा धडा शिकवताना बाईंनी प्रत्येकाला उभं करून सकाळी काय खाल्लं ते विचारलं होतं. माझ्या घरी रोज आदल्या दिवशीची ज्वारीची आंबील असायची, आंबट झालेली, कधी त्यात कांदा. माझ्या आधीच्या मुलाने 'पोहे' सांगितलं. मीही 'पोहे' म्हणालो. बाईंनी फळ्यावर पोह्यांपुढे दोन रेघा मारल्या आणि त्या दिवशी आम्ही पोहे कसे पचतात ते शिकलो.

तुक्कोजी राव हसले आणि हसताना कळ येऊन थांबले. "आम्ही इडली लिहिली, तुम्ही पोहे," ते म्हणाले. "तिकीट एकच आहे, तंबी." तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ.

सेल्वीला कळवलं तेव्हा ती आधी चिडली आणि मग आली. डॉक्टरांशी फोनवर बोलली. इतके दिवस आकडा दोन म्हणून डोस वाढवला नव्हता. तो त्याच सकाळी वाढवला आणि पोट साफ राहायचं औषधही बदललं. मला बाजूला घेऊन ती सांगू लागली की आधी ती एकटी यायची तेव्हा हेच गृहस्थ तिच्यासमोर रडायचे. तू आलास आणि त्यांचं दुखणं दोनवर आलं, असं तिचं म्हणणं. दोष असा थेट माझ्यावर आला होता. पुण्याला कळवावं लागलं की या गल्लीतल्या सगळ्या नोंदी मी पाहुणा असल्यामुळे खोट्या आहेत. प्रयोगशाळेतल्या माझ्या सरांनी विचारलं, भात किती तास भिजवलेला होता? रात्रभर पाण्यात राहिलेल्या थंड भातातलं थोडं पिष्ट पचत नाही, ते जंतूंच्या वाट्याला जातं. इडलीच्या नोंदीने आम्ही नेमकं तेच घालवून बसलो होतो.

मी सेल्वीला बाईंबद्दल सांगितलं, ते याच दिवशी. शपथेचं, न फोडलेल्या पाकिटाचं. तिला हे नवीन नव्हतं. तुक्कोजी रावांनीही पहिले दोन महिने गोळ्यांना हात लावला नव्हता. तेव्हा तिने जे त्यांना सांगितलं होतं ते तिने मला सावकाश, शब्द शोधत सांगितलं: "व्यसनी माणूस गोळीसाठी घरातून उठून जातो. आमचा पेशंट गोळी घेतो आणि घरात परत येतो."

दुपारी आम्ही पुन्हा डोकावलो, तर तुक्कोजी राव पेपर वाचत होते आणि अंबुबाईंच्या स्वयंपाकात मीठ कमी पडल्याची तक्रार करत होते. अंबुबाई सेल्वीला म्हणाल्या, तुझ्या औषधाने यांचं नवरेपण परत आणलं, त्यापेक्षा दुखणं बरं होतं. हे म्हणताना त्या तोंड फिरवून डोळे पुसत होत्या.

तिरुवैयारु

शेवटच्या आदल्या दिवशी आम्ही तिरुवैयारुला गेलो. वाटेत इतके पूल लागतात की कुठली नदी कुठली, हे विचारायचं मी सोडून दिलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, रस्त्याच्या अर्ध्या भागावर वाळत घातलेलं भात, आणि त्यावरून न जाता वळसा घेणाऱ्या बसगाड्या. आमच्याकडे लोक मळणीसाठी पीक मुद्दाम गाडीखाली टाकतात, त्याची आठवण झाली.

तिथली रुग्ण देवळासाठी हार ओवणारी एक वयस्क बाई. बोटं अजून फुलं हातात असल्यासारखी हलत होती. तिच्या मुलीने आम्हाला बसवलं आणि अभिमानाने माझ्यापुढे केळीचं पान मांडून त्यावर वाडगा ठेवला. त्यात भिजवलेला भात होता. सेल्वीने तिला आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं की महाराष्ट्रातला माणूस शिळा भात खातो, त्याच्यापासून काही लपवू नका. मी घास घेतला. दाणा टणक होता आणि आंबटपणा अजिबात नव्हता. मी सेल्वीकडे पाहिलं, सेल्वीने मुलीकडे. चौकशी झाल्यावर कळलं की घरचा नेहमीचा भात पाहुण्याला देण्याजोगा वाटला नाही, म्हणून तिने पहाटे पाचला उठून, नवा तांदूळ शिजवून, निववून पाण्यात टाकला होता. पाहुण्यासाठी ताजा शिळा भात. सेल्वीला इतकं हसू आलं की तिला बाहेर जावं लागलं. आजारी आईसुद्धा हसली. मग मुलीने खरं मडकं आणलं आणि आम्ही खरी नोंद केली.

परतीच्या बसला वेळ होता, म्हणून कावेरीच्या घाटावर बसलो. पाणी बेताचं होतं. पायऱ्यांवर एक जण धोतर पिळत होता. मला मघापासून एकच गोष्ट टोचत होती. मी दर रविवारी बाईंना फोन करतो. दर रविवारी त्या म्हणतात, "बरी आहे. तुझं सांग." मी आनंदाने माझं सांगत बसतो. मी त्यांचा शिकलेला, लांबून फोन करणारा विद्यार्थी. त्यांच्या घरात मीही पाहुणाच आहे. त्या मला इडली सांगत होत्या आणि मी ती लिहून घेत होतो.

आणि ते 'तोवर'. माझे जंतू बाईंच्या गोळीची जागा घेतील, ही आशा मी त्यांना दिली नव्हती, पण मोडलीही नव्हती. फोनवर ती मोडता आली नसती. घाटाजवळच्या टपाल कार्यालयातून आंतरदेशीय पत्र घेतलं आणि तिथल्याच बाकावर लिहिलं.

ते पत्र पंधरा दिवसांनी पुण्यात माझ्याकडे परत आलं, तपासून. तीन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं होतं. समासात लाल शाईने दोन गोष्टी लिहिल्या होत्या: एके ठिकाणी एक आकडा, जो मी इथे देत नाही, आणि शेवटी ता. क.च्या पुढे 'ठाऊक होतं'. भाचीने फोनवर सांगितलं की पत्र तपासायला बाई अर्धा तास टेबलाशी बसल्या होत्या. कित्येक महिन्यांत त्या अशा बसल्या नव्हत्या. बाईंची परवानगी घेऊन ते पत्र सुधारणांसह देतो.

तिरुवैयारु

आदरणीय शिंगाडे बाई,

सादर नमस्कार.

तुम्ही मला एक प्रश्न दिला होता. जंतूंनी तुमचं दुखणं शमेल का. मी उत्तर टाळत होतो. उत्तर असं आहे की ते मला माहीत नाही आणि तुमच्या वेळेत माहीत होणार नाही. उंदरांबद्दल थोडं कळलंय. माणसांबद्दल कळायला बरीच वर्षं लागतील. त्या वर्षांसाठी तुम्ही दुखणं सोसत थांबू नका. तुम्हीच शिकवलं आहे की प्रयोग पूर्ण होण्याआधी निष्कर्ष लिहायचा नाही.

इथे मला एक गृहस्थ भेटले. तुमच्यासारखंच दुखणं. मी पाहुणा म्हणून ते दुखणं दोन सांगत राहिले, ते आठ होतं. खरा आकडा सांगितल्यावर डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि दुपारी ते पेपर वाचत बसले. पत्नीशी भांडलेही. मला ते पाहून तुम्ही आमच्या वह्या तपासताना रागवायच्या ते आठवलं. ते मला पुन्हा ऐकायचं आहे.

तुमची शपथ मोडत नाही, बाई. इथल्या नर्स म्हणतात, व्यसनी माणूस गोळीसाठी घरातून उठून जातो, आणि त्यांचा पेशंट गोळी घेऊन घरात परत येतो. आपल्या गल्लीतली ती चार माणसं तुम्ही घरात परत आणली होती. आता तुम्ही या.

माझी एक विनंती आहे. या रविवारी 'बरी आहे' म्हणू नका. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. मधला खरा आकडा मला लिहून कळवा, आणि तोच डॉक्टरांना सांगा.

तुमचा विद्यार्थी,
दत्ता

ता. क. आठवीत तुम्ही विचारलं होतं, तेव्हा मी पोहे खाल्ले नव्हते. आंबील होती, आदल्या दिवशीची.